सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये

"बाबा, या फोनला रजा कधी असते?"

प्रश्न तिचा नव्हता. तोंड तिचं, पण प्रश्न उंट आणि रेडिओ या दोघींचा. उंट म्हणजे तिची वर्गातली सगळ्यात उंच मैत्रीण आणि रेडिओ म्हणजे जिला बंद करायचं बटणच बसवलेलं नाही ती. हे विचारायची हिची छाती होणार नाही, अशी दोघींनी पैज लावली होती. गेल्या वर्षी ती पैज त्या जिंकल्याही असत्या. तेव्हा हजेरी देताना हिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचता पोचता दमायचा. पण यंदा वारं वेगळंच होतं. यंदा ती बाईंना मध्येच थांबवून शंका विचारायची, दुकानदाराशी हुज्जत घालायची, आरशात बघून स्वतःलाच "बरी दिसतेस हं" म्हणायची. तर तिने विचारलं. जेवता जेवता, घास हातात धरून, बाबांच्या डोळ्यांत डोळे घालून.

बाबांनी तिच्या ताटाशेजारच्या लाल कव्हराच्या फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि हसले.

"लिफ्टला असते का रजा, साहेब?"

तिला ते साहेबच म्हणायचे. आईलाही हसू आलं, आणि तेवढ्यात फोन वाजलाच. तिने घास खाली ठेवला, डाव्या हाताने फोन उचलला आणि तिच्या तोंडून आपोआप ते वाक्य बाहेर पडलं, जे ती झोपेतही बोलते असं आई म्हणायची: "लिफ्ट मदत केंद्र. घाबरू नका, मी बोलतेय."

मदत केंद्र म्हणजे तीच. दुसरं कुणी नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. गावभरातल्या चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या एकट्याच्या जिवावर वर-खाली करत होत्या. लिफ्टमधल्या लाल बटणावर बोट दाबलं की फोन यायचा तो याच नंबरवर. पण तो बाबांनी उचलायचा कसा? खाली खड्ड्यात उतरले की रेंज नाही, वर मशीनच्या खोलीत गेले की मोटारीच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, आणि हातांना सदा ग्रीस. पूर्वी फोनसाठी एक मदतनीस होता. तो मोठ्या कंपनीत निघून गेला. नवा माणूस मिळेपर्यंत चार दिवस तू सांभाळ, असं बाबा म्हणाले होते. त्या चार दिवसांना आता वर्ष होत आलं होतं. शाळेच्या वेळात बाबा ते कॉल स्वतःच्या फोनवर वळवून घ्यायचे आणि कसंबसं निभावायचे. शाळा सुटली की राज्य पुन्हा तिचं.

आईकडे फोन देण्यात अर्थ नव्हता. आई शहर बस चालवायची, तीही बदलीची चालक. म्हणजे ज्याची दांडी, त्याची गाडी. उद्या पहाटेची पाळी की दुपारची, हे आईला आज सांगायचे, आणि कधी कधी सकाळी सांगितलेलं दुपारी फिरवायचे. त्यामुळे घरात कोण कधी असेल हे खुद्द घरातल्यांनाही माहीत नसायचं.

आता खरं सांगायचं तर तिला ते काम आवडायचंही. बाबांनीच शिकवलं होतं की अडकलेल्या माणसाला हवा कमी पडत नाही, धीर कमी पडतो. म्हणून तीन गोष्टी करायला लावायच्या. आधी खाली बसवायचं, कारण बसलेल्या माणसाला चक्कर येत नाही. मग पायातलं काढायला लावायचं, कारण बूट-चपला काढल्या की माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. आणि मग पिशवीत काय काय आहे ते एकेक करून सांगायला लावायचं. मधल्या मध्ये बाबांना निरोप टाकायचा, आणि पिशवी संपेपर्यंत ते पोचलेच पाहिजेत. एक वकीलकाका आधी तिला कोर्टात खेचणार होते, ते पाचच मिनिटांत मऊ आवाजात सांगत होते की पिशवीत लिंबं आहेत आणि बायकोपासून लपवून आणलेला केकचा तुकडा आहे, आणि तो मी आत्ता खाऊ का? खा, काका, म्हणाली होती ती. एवढी मोठी माणसं, आणि धीर द्यायला ही. कुणाची कॉलर ताठ होणार नाही?

पण ताठ कॉलरीने गळाही आवळतोच. तिला नळाच्या धारेत रिंग ऐकू यायची. अंघोळीला जाताना ती फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून साबणाशेजारी ठेवायची. रात्री तो उशीखाली असायचा आणि ती उशीवर, पण झोप मात्र तिसरीकडेच कुठेतरी. गणिताच्या चाचणीत कुणाची तरी कंपासपेटी खळकन पडली, तशी ती भर वर्गात म्हणाली, "घाबरू नका, मी बोलतेय." वर्ग पोट धरधरून हसला. तीही हसली. पण पेपरात पुढचं काही तिला सुचलं नाही.

आणि शनिवारचा तलाव. उंट, रेडिओ आणि ती, तिघी लहानपणापासून शनिवारी दुपारी पोहायला जायच्या. तिला शर्यतीबिर्यतीत रस नव्हता. तिला आवडायचं ते नुसतं उताणं पडून राहणं. कान पाण्याखाली गेले की जगाचा आवाज कुणीतरी हाताने दाबून धरल्यासारखा व्हायचा, आणि आपलाच श्वास तेवढा ऐकू यायचा. फोन आल्यापासून मात्र ती बाकावर बसायची. दप्तरात पोहायचा पोशाख, खांद्यावर टॉवेल, हातात फोन. दोघी पाण्यातून हाका मारायच्या आणि ही तिथूनच हात हलवायची. "कोरड्या माशासारखी दिसतेस," असं उंट म्हणाली होती, आणि ते म्हणताना ती हसली नव्हती. पैज तिथेच लागली होती.

तर प्रश्न विचारून झाला, त्याचं हसू होऊन झालं, आणि दुसऱ्या दिवशी शनिवार उजाडला तोच वाकड्या तोंडाचा. आईला सुट्टी होती, ती सकाळी रद्द झाली. बाबा गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका उंच इमारतीत गेले आणि निघताना टेबलावर एक छोटं खोकं ठेवून गेले. त्यात लिफ्टच्या दाराचा स्विच होता. तो तलावाच्या वाटेवरच्या ऑफिसांच्या इमारतीत, गेटवर वॉचमनकाकांकडे द्यायचा. बाबा संध्याकाळी येऊन बसवणार होते. दोनदा बजावलं होतं त्यांनी: खाली दे आणि पुढे जा, ती लिफ्ट बंद आहे. तिनेही दोनदा मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं?

इमारतीपाशी ती पोचली तेव्हा फोन कानाला होता. पलीकडे एक शिंपीण मावशी अडकली होती, सोबत कपडे चढवून बघायची माणसाएवढी लाकडी बाहुली. अंधारात ती बाहुली माझ्याकडे बघते गं, म्हणून मावशी रडकुंडीला आली होती. तिने मावशीला बसवलं, चपला काढायला लावल्या, बाहुलीचं तोंड भिंतीकडे करायला सांगितलं. गेटवर वॉचमनकाका नव्हते. चहाला गेले असतील. शनिवार, ऑफिसं बंद, आत सामसूम. मग वरच कुणाकडे तरी द्यावं खोकं, असं तिच्या पायांनी ठरवलं, कारण डोकं तेव्हा मावशीच्या पिशवीत होतं. लिफ्टच्या दारात एक खुर्ची आडवी घातलेली होती. मावशी सांगत होती, कात्री, टेप, खडू, आणि हिने पायाने खुर्ची बाजूला सरकवली. आत शिरली. सर्वांत वरचं बटण दाबलं. मावशी म्हणाली, अगंबाई, चालू झाली की आपोआप, आणि थँक्यूसुद्धा न म्हणता तिने फोन ठेवला.

बरोबर त्याच क्षणी हिची लिफ्ट एक हिसका देऊन थांबली.

हातातल्या खोक्याकडे तिचं लक्ष गेलं ते तेव्हा. मेकॅनिकची पोर, बिघडलेल्या लिफ्टमध्ये, त्याच लिफ्टचा भाग हातात घेऊन चढली होती. हे उंटाला कळलं तर जन्मभर पुरेल, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसूही फुटलं. हसत हसतच तिने लाल बटण दाबलं.

आणि तिच्या हातातला फोन वाजला.

"लिफ्ट मदत केंद्र," ती सवयीने म्हणाली. "घाबरू नका, मी बोलतेय."

घाबरू नका, मी बोलतेय, असं भिंतीतल्या जाळीतून तिचाच आवाज तिला म्हणाला, जरा फाटका, जरा उशिरा.

हसू तिथेच विझलं. तिने कॉल तोडला आणि बटणाकडे बघत राहिली. गावात कुणीही, कुठेही अडकलं तर त्या बटणामागे ती होती. ती अडकली तर त्या बटणामागे पुन्हा तीच. याच्या पलीकडे कुणी नव्हतंच. हा विचार तिच्या डोक्यात आजवर एकदाही आला नव्हता, आणि आता आला तो छातीवर येऊन बसला.

तिने बाबांना लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. आईला लावायचाच नव्हता. स्टिअरिंगवर असताना आई फोन घेत नाही आणि घेऊही नये. पुन्हा बाबांना लावला. फोनची बॅटरी लाल झाली होती, मावशीने आणि तिच्या बाहुलीने ती सगळी पिऊन टाकली होती. मजल्याचा आकडा सहा आणि सातच्या मध्ये अडून लुकलुकत होता. तिने घाईघाईने बाबांना निरोप टाइप केला, की ऑफिसांच्या इमारतीत आहे, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये, मी ठीक आहे. निरोप गेला. पडदा काळा झाला.

मग ती ओरडली. वॉचमनकाका, वॉचमनकाका. दार बडवलं. बडवू नका, त्याने काही होत नाही, असं ती लोकांना रोज सांगायची, तरी बडवलं. पण आपण कधी सुटणार यापेक्षा दुसरीच भीती तिला पोखरत होती. आत्ता, या क्षणाला, कुठेतरी कुणीतरी लाल बटण दाबत असेल. एखादी आई, कडेवर मूल. एखादे आजोबा, दम्याचे. त्यांना फोन बंद असल्याचं ऐकू येत असेल, आणि ते पुन्हा दाबत असतील. तिने काळा फोन कानाला लावून पाहिला. दोनदा चालू करायचा प्रयत्न केला. आणि गंमत अशी की त्या मेलेल्या फोनमधूनही तिला रिंग ऐकू येत होती. वाजते, थांबते, वाजते. तिच्या डोळ्यांपुढे काजवे आले.

खाली बसा, असं तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं.

ती बसली. बुटांच्या नाड्या सुटता सुटेनात, तेव्हा तिने ते तसेच मोज्यांसकट ओढून काढले. गार फरशीला तळवे टेकले. आणि मग दप्तर पुढ्यात घेऊन ती मोठ्याने सांगायला लागली, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. गणिताची वही. न धुतलेला डबा. बिस्किटांचा पुडा, अर्धा. आईच्या गेल्या महिन्यातल्या पाळ्यांची चिठ्ठी, त्यातली एकही खरी न ठरलेली. बाजूच्या कप्प्यात पोहायचा चष्मा. टोपी. पोहायचा पोशाख, घडी न मोडलेला. टॉवेल. तिने टॉवेल नाकाशी नेला. पूर्वी त्याला तलावाच्या पाण्याचा वास असायचा, घरभर पसरायचा, आई कुरकुर करायची. आता त्याला कपाटाचा वास येत होता.

तिथे ती रडली, पोटभर. रडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पिशवी संपली आहे आणि बाबा आलेले नाहीत. आणि आता करण्यासारखं काहीही उरलेलं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच. उचलायला फोन नाही, कुणाला धीर द्यायचा नाही, कुठे धावायचं नाही. टॉवेलची उशी करून ती उताणी पडली. पंखा बंद होता. तारा कुठेतरी बारीक कुरकुरत होत्या. मग त्याही थांबल्या आणि तिला तिचाच श्वास ऐकू यायला लागला.

बाबांना निरोप मिळाला तो गच्चीवर आल्यावर. ते कसे आले हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. वॉचमनकाका एवढंच म्हणाले की स्कूटर स्टँडवर न लावता तशीच आडवी टाकून पळाले. हाका मारल्या, तर आतून ओ नाही. पुन्हा हाका, तरी ओ नाही. बाबांनी वर जाऊन हाताने मोटारीचं चाक फिरवून लिफ्ट सहाव्यावर आणली आणि किल्लीने दार उघडलं. इतक्या वर्षांत त्यांनी दारापलीकडे रडणारी माणसं पाहिली होती, शिव्या देणारी पाहिली होती, ओकणारी पाहिली होती. झोपलेलं माणूस पाहिलं नव्हतं. त्यातून ती घोरत होती.

तिने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य म्हणाली, "फोन बंद पडला."

 बाबा आत आले आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले, ग्रीसच्या हातांसकट. किती वेळ झोपलीस, असं त्यांनी विचारलं. तिला माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, घरी अशी झोप लागते का गं? या वेळी ते तिला 'साहेब' म्हणाले नाहीत. तिने नाही अशी मान हलवली. यावेळची मान खरी होती.

घरी आल्यावर फोन चार्जिंगला लावला, तशा चुकलेल्या कॉलच्या खुणा एकामागून एक उमटल्या. सगळ्या एकाच इमारतीतल्या. तिची भीती खोटी नव्हती. चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा अडकले होते, औषधं आणायला निघालेले. बटण दाबून दाबून थकले, शेवटी तिथल्या वॉचमनने चाक फिरवून त्यांना उतरवलं. आजोबा धडधाकट होते. पण त्यांच्या मुलाचा फोन बाबांच्या नंबरवर आला आणि पलीकडचा प्रत्येक शब्द स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला. पैसे कशाचे घेता, मदत केंद्र की थट्टा, सोमवारी दुसरा माणूस बघतो. बाबा चुकलं म्हणाले, हो म्हणाले, पुन्हा चुकलं म्हणाले. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.  आपण झोपलो होतो. ते आजोबा बटण दाबत होते आणि आपण घोरत होतो.

आई तेवढ्यात आली, गणवेशातच. बाबांनी तिला सगळं सांगितलं, खुर्ची, खोकं, झोप, सगळं. आई ऐकता ऐकता मटकन बसली. ती रागावेल असं वाटलं होतं. पण ती पोरीच्या पायांकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली की दुसरा मोजा कुठे गेला. तो लिफ्टमध्येच राहिला होता.

जेवायला तिघं बसली. सलग दुसऱ्या रात्री तिघंही एका वेळी होती, हेच नवल.  फोन नेहमीच्या जागी, तिच्या ताटाशेजारी, पूर्ण भरलेला. तिला माहीत होतं की आता मुकाट्याने जेवलं तर सगळं होतं तसं सुरू होईल. बाबा उद्या प्रेमाने समजावतील, चार दिवसच गं, आणि ती मान हलवेल. आणि ती इमारत सोमवारी गेली, तर तिच्यामुळे गेली असं ती जन्मभर म्हणत राहील. या दोन्ही गोष्टींची तिला सारखीच भीती वाटत होती.  पण आवाज, तिने मनातल्या मनात तपासून पाहिला, तर तो होता जागेवर.

तिने फोन उचलला आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवला.

"आत्ता वाजला तर?" बाबा म्हणाले.

"आत्ता मी घेईन. शनिवारी नाही."

आई आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. ती इमारत गेली तर, असं बाबांनी हळूच विचारलं. 

"गेली तर काय करायचं ते मला माहीत नाही, बाबा. रात्रभर त्याच विचारात असेन. तरी पण." तिने पाण्याचा एक घोट घेतला. "काल मी विचारलं होतं. आज सांगतेय. पुढच्या शनिवारपासून चार ते सहा हा फोन माझ्याकडे नसेल. कॉल तुमच्या नंबरवर वळवा, नाहीतर बाकीच्या वॉचमनकाकांनाही चाक फिरवायला शिकवा, नाहीतर माणूस शोधा, तुम्ही दोघं ठरवा. मी तलावात असेन, आणि माझे कान पाण्याखाली असतील."